दोन आठवड्यांची साथ, तीस वर्षांची साथ

एखाद्या प्रदेशाच्या सार्वजनिक आरोग्य विभागात गोवराच्या उद्रेकाचा तपास आणि धूम्रपान-प्रतिबंधाचे काम अनेकदा शेजारशेजारच्या टेबलांवर चालते. ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटते, कारण गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण दोन आठवड्यांत पुरळ उठते, तर सिगारेटमुळे झालेला फुप्फुसाचा कर्करोग उघड व्हायला वीस-तीस वर्षे जातात. तपासाची रीत मात्र मुळात एकच आहे: आजारी कोण पडले, कोण पडले नाही आणि या दोन गटांत फरक कशाचा, हे मोजून पाहणे.

उद्रेकाची खबर आली की आधी ‘रुग्ण’ कोणाला म्हणायचे याची व्याख्या ठरवावी लागते. ती सैल ठेवली तर भलतेच लोक मोजले जातात आणि फार घट्ट केली तर खरे रुग्ण निसटतात. त्यानंतर प्रत्येकाची लक्षणे कोणत्या दिवशी सुरू झाली ते आलेखावर मांडतात. आलेख झपाट्याने चढून उतरला, तर सर्वांना एकाच जेवणातून किंवा एकाच टाकीच्या पाण्यातून लागण झाली असावी. ठरावीक अंतराने लाटा उठत असतील, तर आजार माणसाकडून माणसाकडे जात असावा. अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, ठाऊक असल्यास मागे मोजत जाऊन लागण नेमकी केव्हा झाली याचाही अंदाज बांधता येतो. काम कंटाळवाणे खरे, पण साथी आटोक्यात येतात त्या बहुतांशी याच कामामुळे.

1950 मध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी हीच रीत कर्करोगाला लावली. लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण आणि इतर आजारांचे रुग्ण यांना त्यांनी सारखेच प्रश्न विचारले, आणि दोन्ही गटांतला ठळक फरक धूम्रपानाचा निघाला.

या दोन कामांची गाठ प्रत्यक्ष शरीरातही पडते. श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केसांसारखे तंतू कफ आणि त्यात अडकलेले जंतू वर ढकलत असतात. धुराने ते दुबळे होतात. त्यामुळे क्षयरोग, इन्फ्लुएन्झा आणि 1976 मध्ये फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर प्रथम लक्षात आलेला लीजनेअर्स आजार (एक प्रकारचा न्यूमोनिया), या सर्वांचा धोका धूम्रपान करणाऱ्यांना अधिक असतो.

तंबाखूचे दुष्परिणाम उशिराच दिसतात, ही समजूतही अर्धीच खरी आहे. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या हेलेना शहरात जून 2002 मध्ये कामाच्या आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी लागू झाली. पुढच्या सहा महिन्यांत शहरातून हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या, आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतील त्याच काळाच्या सरासरीशी तुलना करता, 40 वरून 24 वर आली. शहराबाहेरून येणाऱ्यांमध्ये तशी घट नव्हती. यामागची प्रक्रिया समजण्याजोगी आहे, कारण दुसऱ्याच्या सिगारेटचा धूरही थोड्याच वेळात रक्तातील बिंबिका (रक्त गोठवणारे सूक्ष्म कण, प्लेटलेट्स) चिकट करतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. एका लहान शहराच्या आकड्यांवर फार भार टाकू नये, हेही खरे. नंतरच्या मोठ्या पाहण्यांत अशा बंदीनंतर दिसलेली घट बरीच कमी होती. हेलेनाची बंदी मात्र न्यायालयीन आदेशाने डिसेंबर 2002 मध्ये स्थगित झाली आणि दाखल होणाऱ्यांचा आकडा पुन्हा वर गेला.