दुसरी महिला बुंडेसलीगा

जर्मनीतील महिला फुटबॉलची दुसऱ्या श्रेणीची राष्ट्रीय साखळी स्पर्धा. तिचा पहिला हंगाम २००४–०५ मध्ये झाला. स्पर्धेचे आयोजन जर्मन फुटबॉल महासंघ म्हणजे डीएफबी करतो. स्पर्धेत १४ संघ असतात. प्रत्येक संघ इतर १३ संघांशी एकदा घरच्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळतो, त्यामुळे एका संघाचे २६ आणि सगळ्या हंगामाचे १८२ सामने होतात. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. उन्हाळ्याच्या अखेरीस सुरू झालेला हंगाम हिवाळ्यातील मोठ्या सुट्टीनंतर मे महिन्याच्या आसपास संपतो. वरच्या श्रेणीत महिला बुंडेसलीगा आहे, तर खालच्या श्रेणीत उत्तर, ईशान्य, पश्चिम, नैर्ऋत्य आणि दक्षिण अशा पाच प्रादेशिक लीग आहेत.

जर्मनीत महिलांना संघटित फुटबॉल खेळण्याची मुभाच उशिरा मिळाली. १९५५ साली डीएफबीने आपल्या क्लबांना महिलांचे संघ ठेवण्यास आणि त्यांना मैदान देण्यास मनाई केली. ही बंदी उठायला ३१ ऑक्टोबर १९७० उजाडावा लागला. राष्ट्रीय विजेतेपदाची स्पर्धा १९७४ पासून, तर महिला बुंडेसलीगा १९९० पासून खेळली जाऊ लागली. बुंडेसलीगा आधी दोन गटांत होती; १९९७ मध्ये तिचा एकच गट झाला. मात्र प्रादेशिक स्पर्धा आणि बुंडेसलीगा यांच्यातील दरी फार रुंद होती. प्रदेशात सहज जिंकणारे संघ वर गेले की एका वर्षात गटांगळ्या खात परत येत. ती दरी बुजवण्यासाठी २००४ मध्ये ही मधली पायरी बांधली गेली.

सुरुवातीला उत्तर आणि दक्षिण असे १२-१२ संघांचे दोन गट होते. गटविजेत्याला बढती, तळाच्या संघांची घसरण, असा साधा हिशेब. गट भौगोलिक ठेवण्यामागचे कारण खर्चाचे होते. या संघांतल्या बहुतेक खेळाडू नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळत. रविवारी देशाच्या दुसऱ्या टोकाला सामना खेळून सोमवारी सकाळी कामावर हजर होणे कोणालाही जड जाते. या रचनेतून काही संघ फार पुढे गेले. व्हीएफएल वोल्फ्सबुर्ग २००६ मध्ये इथूनच वर चढला आणि २०१३ मध्ये त्याने युरोपचा चॅम्पियन्स लीग करंडक जिंकला. हॉफेनहाइम २०१३ मध्ये वर गेला तो कायमचा.

२०१८ मध्ये दोन गट मोडून १४ संघांचा एकच गट केला गेला. २४ जागांच्या १४ झाल्याने अनेक लहान क्लब एका फटक्यात तिसऱ्या श्रेणीत गेले. खेळाचा दर्जा वाढला यात शंका नाही, पण प्रवास लांबला, खर्च वाढला आणि त्याची झळ गावातल्या क्लबांना अधिक बसली.

एकाच गटाच्या पहिल्याच हंगामात, २०१८–१९ मध्ये, या स्पर्धेचा सर्वांत अवघड नियम ठळकपणे पुढे आला. मोठ्या क्लबांना आपला राखीव संघ इथे खेळवता येतो, पण त्या संघाला बढती मिळत नाही, कारण क्लबचा मुख्य संघ आधीच वरच्या श्रेणीत असतो. त्या वर्षी गुणतालिकेत अव्वल ठरला तो वोल्फ्सबुर्गचा राखीव संघ. विजेतेपद त्याला मिळाले, पण बढती मिळाली कोलोन आणि येना यांना. म्हणून या स्पर्धेची गुणतालिका वाचताना आधी राखीव संघ वगळावे लागतात आणि मग वरून मोजावे लागते. मुख्य संघाची घसरण होऊन तो दुसऱ्या श्रेणीत आला, तर राखीव संघाला आणखी खाली जावे लागते. अशा वेळी त्याच्या खेळाडूंच्या कामगिरीला काही किंमत उरत नाही. तरुण मुलींना कसदार सामने मिळतात हा या व्यवस्थेचा मोठा फायदा आहे. पण बढतीच्या चुरशीत असलेल्या संघाला शेवटच्या आठवड्यांत अशा प्रतिस्पर्ध्याशी खेळावे लागते, ज्याला वर जायचेच नाही. हा दोष खरा आहे आणि त्यावर पुरेसा तोडगा अजून निघालेला नाही.

पुढचा हंगाम कोरोनाने तोडला. मार्च २०२० मध्ये सामने थांबले. बुंडेसलीगा मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा सुरू झाली, पण दुसऱ्या श्रेणीचा हंगाम तिथेच संपवण्यात आला. वेर्डर ब्रेमेन आणि मेपन यांना बढती मिळाली. खाली मात्र कोणालाच पाठवले नाही. साहजिकच संघांची संख्या वाढून १९ झाली आणि २०२०–२१ साठी पुन्हा उत्तर व दक्षिण गट करावे लागले. उत्तरेत येना आणि दक्षिणेत कोलोन पहिले आले. २०२१–२२ पासून पुन्हा १४ संघांचा एकच गट झाला.

कोलोन आणि येना यांची ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २०१८ मध्ये दोघे बुंडेसलीगातून एकत्र घसरले, २०१९ मध्ये एकत्र चढले, २०२० मध्ये पुन्हा एकत्र घसरले आणि २०२१ मध्ये पुन्हा एकत्र चढले. दोन्ही श्रेणींमधले अंतर किती फसवे आहे, हे यावरून कळते: दुसऱ्या श्रेणीत अव्वल ठरलेला संघ वर गेल्यावर पहिल्याच वर्षी तळाला. त्यानंतर मात्र वाटा वेगळ्या झाल्या. येना २०२२ मध्ये परत आला. कोलोन वर टिकला आणि २३ एप्रिल २०२३ रोजी आइनट्राख्ट फ्रांकफुर्टविरुद्धच्या त्याच्या घरच्या सामन्याला ३८,३६५ प्रेक्षक आले, हा बुंडेसलीगाचा त्या वेळचा विक्रम होता.

अलीकडच्या हंगामांत सर्वांत मोलाचा २०२४–२५ चा. बुंडेसलीगा १२ वरून १४ संघांची होणार असल्याने त्या वर्षी वरून एकच संघ घसरणार होता आणि खालून नेहमीच्या दोनऐवजी तीन संघ चढणार होते. तिसरी जागा खुली झाल्यामुळे चुरस शेवटपर्यंत टिकली. न्युर्नबर्ग, युनियन बर्लिन आणि हॅम्बुर्ग यांनी बढती मिळवली. युनियनने २०२३ मध्ये, संघ तिसऱ्या श्रेणीत असतानाच, महिला खेळाडूंना व्यावसायिक करार दिले होते. त्यानंतर लागोपाठ दोन वर्षे बढती मिळवून संघ थेट बुंडेसलीगात पोचला. पुरुषांचा संघ जिथे खेळतो त्याच मैदानावर महिलांचे सामने होत आणि त्यांना हजारो प्रेक्षक येत. दुसऱ्या श्रेणीत हे दृश्य यापूर्वी विरळा होते.

हॅम्बुर्गची कथा वेगळी. पैशांच्या अडचणीमुळे या क्लबने २०१२ मध्ये आपला महिला संघ बुंडेसलीगातून काढून घेतला होता. तिथून खालच्या श्रेणींतून वाट काढत संघ २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीत आला. २३ मार्च २०२५ रोजी जर्मन करंडकाच्या उपांत्य सामन्यात त्याची गाठ शेजारच्या ब्रेमेनशी पडली. फोल्क्सपार्क मैदानाची सगळी ५७,००० तिकिटे विकली गेली. जर्मनीत महिला क्लबांच्या सामन्याला इतकी गर्दी तोवर झाली नव्हती, आणि यजमान संघ होता दुसऱ्या श्रेणीतला! सामना जादा वेळेपर्यंत गेला आणि ब्रेमेनने ३–१ असा जिंकला. ज्या संघासाठी एकेकाळी क्लबकडे पैसे नव्हते, त्याच्यासाठी एवढे शहर लोटले, हे महिला फुटबॉलच्या चाहत्यांनी विसरू नये.

याच काळात महिला फुटबॉलमधले काही जुने नावाजलेले क्लब मागे पडत गेले. सहा वेळा जर्मन विजेता आणि दोनदा युरोपविजेता ठरलेला टुर्बिने पोट्सडाम २०२३ मध्ये घसरला, वर्षभरात परतला आणि २०२५ मध्ये वरून घसरलेला एकमेव संघ ठरला. २०२४ मध्ये घसरलेल्या ड्युइसबुर्गने तर दुसऱ्या श्रेणीतली जागाही घेतली नाही. संघ सरळ प्रादेशिक लीगमध्ये गेला. बाडेनमधील विलश्टेटजवळच्या झांड या गावाचा एससी झांड २०१६ आणि २०१७ असा लागोपाठ दोनदा करंडकाच्या अंतिम सामन्यात पोचला होता आणि दोन्ही वेळा वोल्फ्सबुर्गकडून १–२ ने हरला होता. तोही २०२२ मध्ये घसरून इथे आला. २०२५ मध्ये श्टुटगार्ट आणि माइन्त्स हे पुरुष फुटबॉलमधले बडे क्लब खालून या श्रेणीत दाखल झाले.