खोडकर मुलावरून आईबाबांकडे सरकणारी नजर

लहानपणी आवडलेली कौटुंबिक विनोदी मालिका बऱ्याच वर्षांनी पुन्हा लावली, की नजर जुन्या जागी टिकत नाही. ज्या खोडकर मुलासाठी आपण मालिका बघायचो, त्याच्यावरून ती सारखी सरकते आणि आईबाबांवर जाऊन थांबते.

अशा मालिकांमधला एक नेहमीचा प्रसंग घ्या. मुलाने फुलदाणी फोडली आहे आणि तुकडे सोफ्याखाली ढकलले आहेत. तेवढ्यात बाबा कामावरून येतात आणि बूट न काढताच त्या सोफ्यावर बसतात. आई विचारते, "काय झालं?" ते म्हणतात, "काही नाही." मग सोफ्याखाली करकर आवाज होतो आणि हशा पिकतो. लहानपणी आपला सगळा जीव त्या तुकड्यांत अडकलेला असायचा. आता मात्र ते "काही नाही" आधी ऐकू येतं. न काढलेले बूट दिसतात. आई विचारताना हातातलं काम थांबवते, तेही दिसतं. यातलं काहीच नवीन नाही, तेव्हाही ते पडद्यावर होतंच.

मग तेव्हा ते गेलं कुठे? याचं उत्तर शोधताना मला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातले रिचर्ड अँडरसन आणि जेम्स पिचर्ट यांनी तो १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना एक गोष्ट वाचायला दिली. शाळा बुडवलेली दोन मुलं एकाच्या घरी जातात आणि घरभर फिरतात, एवढीच गोष्ट. काहींना सांगितलं, तुम्ही चोर आहात असं समजून वाचा. काहींना सांगितलं, तुम्ही हे घर विकत घेणार आहात. नंतर काय आठवतं ते लिहायला लावलं. चोराच्या नजरेने वाचणाऱ्यांना रंगीत टीव्ही आणि नाण्यांचा संग्रह आठवला, तर घर घेणाऱ्यांना गळकं छप्पर. इथपर्यंत अपेक्षितच होतं. पण मग काहींना भूमिका बदलून पुन्हा आठवायला सांगितलं, गोष्ट परत न दाखवता. आणि मघाशी न आठवलेले तपशील त्यांना आठवले! म्हणजे ते डोक्यात शिरलेले होते, फक्त बाहेर काढायला तशी गरज पडली नव्हती.

मोठेपणी मालिका बघताना असंच काहीसं होत असावं. स्वतः कधी घरभाडं भरलेलं असतं, आजाऱ्याच्या उशाशी बसलेलो असतो, किंवा थकून घरी येऊन "काही नाही" म्हटलेलं असतं. त्यामुळे आपली भूमिका बदललेली असते.

अर्थात सगळंच डोक्यात साठलेलं होतं असं नाही. काही गोष्टी लहान मुलापर्यंत पोचतच नाहीत. समोरच्याची समजूत चुकीची असू शकते, हे बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास कळू लागतं. उपरोध कळायला आणखी काही वर्षं लागतात, कारण तिथे शब्द एक असतो, मनात दुसरंच असतं, आणि ते ऐकणाऱ्याने ओळखावं अशी अपेक्षाही असते. "वा, फारच लवकर आलात!" हे आईचं वाक्य पाच वर्षांच्या मुलाला कौतुक वाटू शकतं. चांगले मालिका-लेखक हे जाणून असतात. ते एकाच प्रसंगात मुलांसाठी धडपडाट ठेवतात आणि मोठ्यांसाठी असं एखादं वाक्य.

तरीही त्या वाक्याला आपण तेव्हा हसलो होतो, हेही खरं आहे. कारण मालिकेतच हशा होता. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर काम केलेले ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स डग्लस यांनी १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रित हशाचं एक यंत्र बनवलं. कळा दाबायच्या, पायपट्टीने आवाज कमी-जास्त करायचा, की हवा तसा हशा तयार. हा प्रकार अनेकांना खोटा वाटतो, पण हसू मुळातच सोबतीवर चालतं. हसण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी विद्यार्थ्यांकडून आपण कधी हसतो याच्या नोंदी ठेवून घेतल्या. टीव्ही, रेडिओ, पुस्तक असं काही जवळ नसताना एकटा असलेला माणूस जितका हसतो, त्याच्या सुमारे तीस पट लोकांमध्ये असताना हसतो, असं त्यांना आढळलं. घरात शेजारी बसलेले मोठे हसले, पडद्यातून हशा आला, की मूलही हसतं. विनोद मात्र कित्येक वर्षांनी उमगतो.

एक गोष्ट मला या सगळ्यात जास्त हलवून जाते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्ये मांडलं, की पडद्यावरच्या माणसांशी प्रेक्षकाचं ओळखीसारखं एकतर्फी नातं जुळतं. खऱ्या नात्यात दोघांचंही वय वाढतं, इथे फक्त आपलंच वाढतं. आधी आपण त्या मुलाएवढे असतो, मग थोरल्या बहिणीएवढे, आणि एक दिवस त्या बाबांपेक्षाही मोठे होतो. ज्यांच्याकडे मान वर करून बघायचो, ते अचानक तरुण, गोंधळलेले दिसतात आणि त्यांच्याबद्दल माया वाटते. ही माया मला निव्वळ स्मरणरंजन वाटत नाही.

"माहीत असलेलंच पुन्हा काय बघायचं?" असं म्हणणाऱ्यांसाठी शिकागो विद्यापीठातले एड ओब्रायन यांचं २०१९ मधलं संशोधन आहे. एकदा अनुभवलेली गोष्ट, उदाहरणार्थ एखादं प्रदर्शन किंवा चित्रपट, पुन्हा अनुभवताना किती मजा येईल याचा लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. पहिल्या वेळी बरंच काही नजरेतून सुटलेलं असतं आणि आपल्याला मात्र सगळं बघून झालं असं वाटतं. तिथे तर पहिल्या आणि दुसऱ्या वेळेत बघणारा माणूस बदललेलाही नव्हता.