शर्करा अल्कोहॉले

शर्करेच्या रेणूतील अल्डिहाइड किंवा कीटोन गटाचे (कार्बन व ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला भाग) हायड्रॉक्सिल गटात (ऑक्सिजन व हायड्रोजन यांची जोडी) रूपांतर झाले म्हणजे जी गोड संयुगे तयार होतात, त्यांना शर्करा अल्कोहॉले किंवा पॉलिऑल म्हणतात. नावात अल्कोहॉल असले तरी ती खाऊन नशा येत नाही.

सॉर्बिटॉल हे त्यांतील परिचित संयुग फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांना १८७२ मध्ये रोवन झाडाच्या फळांत आढळले. सुकवलेल्या आलुबुखाराच्या रेचकपणामागेही बव्हंशी तेच आहे. कारखान्यात ते ग्लुकोजवर निकेलच्या सान्निध्यात दाबाखाली हायड्रोजनाची क्रिया करून मिळवतात. झायलिटॉल बर्चच्या लाकडातील किंवा दाणे काढून उरलेल्या मक्याच्या कणसांतील झायलान या तंतुमय घटकापासून बनते, तर एरिथ्रिटॉल यीस्टकडून किण्वनाने करवून घेतात.

साखरेतून ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. झायलिटॉल गोडीला साखरेइतके असूनही २.४, सॉर्बिटॉल साखरेच्या सुमारे ६० टक्के गोड असून २.६ आणि एरिथ्रिटॉल अवघी ०.२ किलोकॅलरी देते. म्हणजे ‘साखरमुक्त’ असा शिक्का असलेला पदार्थ ऊर्जामुक्त असतोच असे नाही, आणि बिस्किटातला मैदा तर रक्तातील ग्लुकोज वाढवतोच.

तोंडातील जीवाणूंना झायलिटॉलपासून दात किडवणारे आम्ल तयार करता येत नसल्यामुळे ते च्युइंगमात लोकप्रिय झाले. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासांनी त्याला बळ दिले. विरघळताना ते उष्णता शोषून घेते, म्हणून पुदिन्याच्या गोळीत तो गारवा हवासा वाटतो, पण चॉकलेटमध्ये खटकतो. तेथे माल्टिटॉल बरे पडते. कडक गोळ्यांसाठी ओलावा फारसा न शोषणारे आयसोमाल्ट, तर केक मऊ राहावा म्हणून ओलावा धरून ठेवणारे सॉर्बिटॉल वापरतात. भट्टीतल्या पदार्थाला खमंग तपकिरी रंग मात्र यांच्यामुळे येत नाही, कारण त्या अभिक्रियेला लागणारा अल्डिहाइड गटच उरलेला नसतो.

बहुतेक पॉलिऑल लहान आतड्यात पुरती शोषली जात नाहीत. उरलेला भाग मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतो व तेथील जीवाणू तो आंबवतात. त्यातून पोटफुगी आणि जुलाब होतात. एरिथ्रिटॉलचा बराचसा भाग रक्तात जाऊन लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडत असल्याने हा त्रास कमी होतो. मात्र रक्तातील त्याचे वाढलेले प्रमाण आणि हृदयविकार यांचा सहसंबंध २०२३ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात दिसला, जरी त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. कुत्र्यांना झायलिटॉल प्राणघातक ठरू शकते, कारण त्यांच्या शरीरात त्यामुळे एकदम इन्सुलिन स्रवते आणि रक्तातील ग्लुकोज धोकादायकरीत्या घटते.