सिलिकॉन हायड्रोजेल कॉन्टॅक्ट लेन्स

प्राणवायू सहज आरपार जाऊ देणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. सिलिकॉन आणि पाणी धरून ठेवणारे प्लॅस्टिक एकत्र आणून ती बनवतात. चष्म्याच्या दुकानात ती ‘ब्रीदेबल’ म्हणून विकली जाते. शब्द फसवा आहे. लेन्स श्वास घेत नाही. श्वास घेतो तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे स्वच्छमंडल किंवा कॉर्निया. लेन्सने फक्त त्याच्या आड येऊ नये.

जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्यात रक्तवाहिन्या नसतात; असत्या तर आरपार दिसलेच नसते. त्यामुळे जागेपणी त्याला लागणारा प्राणवायू थेट हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून मिळतो. झोपेत हवेची जागा पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्या घेतात, पण तेव्हा पुरवठा उघड्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. म्हणून लेन्स न लावणाऱ्याचेही स्वच्छमंडल रात्रभरात किंचित सुजते आणि सकाळी पूर्ववत होते. प्राणवायूची टंचाई दीर्घकाळ राहिली, तर मात्र बुबुळाच्या कडेची पांढरी बाजू लालसर दिसू लागते आणि जिथे रक्तवाहिनी नसावी तिथे बारीक वाहिन्या शिरतात.

1948 पासून रूढ झालेल्या कडक, ॲक्रिलिकच्या लेन्समधून प्राणवायू जवळजवळ जातच नसे; प्रत्येक उघडझापीसरशी लेन्सखाली येणाऱ्या ताज्या अश्रूंवर डोळ्याची भिस्त असे. मऊ लेन्स ही चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांची देणगी. ड्राहोस्लाव्ह लीम यांच्यासह त्यांनी पाणी शोषणारे जेल तयार केले आणि 1961 च्या नाताळात, घरीच, मुलाच्या ‘मेर्कुर’ या जोडणीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून लेन्स ओतण्याचे यंत्र उभे केले. ही लेन्स डोळ्याला सुखद होती, पण तिच्यातून प्राणवायू जातो तो तिच्यातल्या पाण्यावाटे. पाणी वाढवावे तर लेन्स नाजूक होते, आणि शेवटी पाण्याच्या स्वतःच्या क्षमतेपलीकडे जाताच येत नाही.

सिलिकॉन रबर प्राणवायूला पाण्यापेक्षा कितीतरी मोकळी वाट देते. मग निव्वळ सिलिकॉनचीच लेन्स का नाही? तोही प्रयोग झाला. ती अश्रूंनी भिजत नाही, तिच्यावर स्निग्ध पदार्थ साचतात, आणि पाणी व क्षार तिच्यातून जात नसल्याने ती डोळ्याला चिकटून बसते. प्राणवायूसाठी सिलिकॉनची वाट आणि पाणी-क्षारांसाठी जेलची वाट, दोन्ही एकाच पदार्थात शेजारी शेजारी ठेवण्याची युक्ती साधली तेव्हा, 1990 च्या दशकाच्या अखेरीस, ही लेन्स बाजारात आली. जुन्या जेलमध्ये पाणी जास्त तर प्राणवायू जास्त. इथे हिशेब उलटा. पहिल्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्सपैकी एकीत पाणी जेमतेम 24 टक्के होते.

पदार्थाची पारगम्यता ‘डीके’ या आकड्याने सांगतात. तिला लेन्सच्या जाडीने भागले की ‘डीके/टी’ मिळतो, आणि निवड करताना पाहायचा तो हा. 1984 मध्ये ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ या संशोधकांनी दिवसा वापरायच्या लेन्ससाठी किमान 24 आणि रात्रीही ठेवायच्या लेन्ससाठी 87 अशी मर्यादा मांडली. 1999 मध्ये हार्विट व बोनानो यांच्या गणिताने ती 35 आणि 125 वर नेली. सिलिकॉन लेन्स दिवसाची मर्यादा आरामात ओलांडतात. त्यामुळे फक्त दिवसा लेन्स लावणाऱ्याने 110 आणि 150 मध्ये घासाघीस करण्यात अर्थ नाही. शिवाय तो आकडा सहसा उणे 3 नंबरच्या लेन्सचा, तोही मध्यभागाचा असतो. उणे 8 च्या लेन्सची कड जाड, अधिक म्हणजे प्लस नंबरची लेन्स मध्ये जाड, सिलिंडर असलेली लेन्स बहुधा खालच्या बाजूला जाड. तिथे प्राणवायू कमीच पोहोचणार. मोठा नंबर असेल तर मात्र जास्त डीकेचा खरा उपयोग आहे.

आता आराम. इथे बहुतेकांची गल्लत होते. संध्याकाळी एसी ऑफिसातून निघताना डोळे चुरचुरतात, त्याचे कारण बहुधा प्राणवायू नसून कोरडेपणा असतो. संगणकाच्या पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात आणि लेन्सचा पृष्ठभाग सुकतो. उलट, प्राणवायूची टंचाई फारशी दुखत नाही; स्वच्छमंडलाची संवेदनाच मंदावते. म्हणून ‘मला काहीच त्रास नाही’ हे लेन्स योग्य असल्याचे प्रमाणपत्र नव्हे. डॉक्टरांनी यंत्रातून बुबुळाची कड पाहणे वेगळे. आराम ठरतो तो पृष्ठभागाचा ओलावा, कडेची घडण, वक्रता आणि मऊपणा यांवर. सुरुवातीच्या सिलिकॉन लेन्स ताठ होत्या आणि काहींच्या वरच्या पापणीला आतून घासत. असा त्रास झाल्यास दुसऱ्या पदार्थाची लेन्स मागावी. सगळ्या ‘ब्रीदेबल’ सारख्या नसतात. कधी दोष फक्त उलट्या बाजूचा असतो: बोटावर ठेवलेल्या लेन्सची कड वाटीसारखी सरळ उभी दिसली तर ती बरोबर, बशीसारखी बाहेर वळली तर उलटी.

सिलिकॉनमुळे एक अपेक्षा मात्र फोल ठरली. प्राणवायू भरपूर मिळाला की लेन्स लावून झोपता येईल आणि जंतुसंसर्ग घटेल, असे वाटले होते. सूज आणि लाली कमी झाली; रात्री लेन्स ठेवणाऱ्यांमधल्या गंभीर संसर्गाचे प्रमाण कमी झाले नाही. मिटलेल्या पापणीखाली अश्रूंचा प्रवाह थांबतो आणि जंतू धुऊन जात नाहीत. त्यावर डीकेचा इलाज नाही. नळाचे, विहिरीचे, पोहण्याच्या तलावाचे पाणीही वर्ज्य: त्यातला अकँथामीबा हा जीव लेन्सखाली अडकला तर स्वच्छमंडलाचा अत्यंत वेदनादायक आणि चिवट आजार होतो. डबीतले जुने द्रावण ओतून न देता वर नवे भरणे ही घरोघरची काटकसर तितकीच वाईट. रोज नवी लावून रात्री फेकायची लेन्स महाग पडते, पण डबीचा प्रश्नच मिटतो. ठेचा कुटलेल्या हाताबद्दल वेगळे सांगायला नको. तो धडा प्रत्येक जण एकदाच शिकतो.

लग्नसराईत पार्लरमध्ये मिळणाऱ्या घाऱ्या-निळ्या लेन्स या चर्चेत बहुधा बसत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जुन्या जेलच्या असतात, आणि वक्रता न मोजता दिल्या जातात. बिननंबरी असली तरी लेन्स डोळ्यावर तशीच बसते, त्यामुळे तिच्यासाठीही डोळ्याचे माप आणि तपासणी लागतेच.