घाम टिपणं वेगळं, वाळणं वेगळं

नातवाच्या पाळणाघराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एप्रिलच्या सुरुवातीला सूचना आली: ‘ऊन वाढलंय, मुलांना फक्त कॉटनचे कपडे घाला.’ सूनबाईंनी ती इमानेइतबारे पाळली. आत बनियन, वर जाडसर होजिअरीचा टीशर्ट, खाली सुती पँट, तिच्या आत डायपर. संध्याकाळी मी त्याला आणायला गेले, तर टीशर्ट पाठीला चिकटलेला, मानेच्या घड्यांत घामोळं उठलेलं आणि दोन वर्षांच्या साहेबांनी वरचा सा लावलेला.

“अहो आजी, सगळं कॉटनच आहे की!” ताई म्हणाल्या.

तेच तर दुखणं आहे. कॉटन घाम शोषतं, म्हणून ते गार, असं आपण धरून चाललोय. घाम शोषल्यानं कुणी गार होत नाही. गार होतं ते घाम उडून गेल्यावर. शाळेत ‘बाष्पनाचा अप्रकट उष्मा’, म्हणजे पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता, हा धडा मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतला, पण तो खरा भेटला या टीशर्टात.

थोडं गणित करू. कातडीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. माणसाच्या शरीराचं एक किलो वजन एक अंशानं तापवायला साधारण ३.५ किलोज्यूल लागतात. नातू १२ किलोचा, म्हणजे त्याच्या एका अंशाचे झाले ४२ किलोज्यूल. भागाकार करा: साडेसतरा ग्रॅम. साडेतीन चमचे घाम कातडीवरून उडाला की अख्खं पोर एक अंशानं उतरतं! घामाइतकं स्वस्त आणि जोरदार यंत्र दुसरं नाही.

आता उलटी बाजू. एवढं मूल नुसतं बसलं तरी ३० ते ३५ वॉट उष्णता तयार करतं. त्यातली काहीच बाहेर पडली नाही, तर तासाभरात अंग पावणेतीन अंशांनी तापेल. एरवी ही उष्णता आपसूक हवेत जाते, कारण हवा कातडीपेक्षा गार असते. कातडी ३४-३५ अंशांची. पुण्यात एप्रिलच्या दुपारी पारा ३८-४० वर असतो, २८ एप्रिल २०१९ला तर शिवाजीनगरला ४३ होता. अशा वेळी हवाच अंगात उष्णता ढकलते. त्यातून लहान मुलाचं पृष्ठफळ वजनाच्या मानानं मोठं, किलोमागे मोठ्या माणसाच्या पावणेदोन पट. थंडीत ते लवकर गारठतं आणि उन्हात लवकर तापतं, त्याचं कारण हेच. घामाच्या ग्रंथी त्याला जन्मतःच सगळ्या मिळालेल्या असतात, दाटीवाटीनं, पण एकेक ग्रंथी घाम मात्र बेताचाच देते. म्हणून आहे तो घाम वाया जाता कामा नये.

आणि तो वाया कुठे जातो? कपड्यात.

थेंब कातडीवरून थेट उडाला, तर वाफ व्हायला लागणारी उष्णता तो कातडीकडूनच उचलतो. तोच थेंब आधी बनियननं टिपला, तिथून टीशर्टात मुरला आणि टीशर्टाच्या बाहेरच्या अंगानं उडाला, तर त्यातली बरीचशी उष्णता तो कापडाकडून आणि बाहेरच्या हवेकडून घेतो. पाणी तेवढंच गेलं, पण गारव्यातला मोठा वाटा टीशर्टानं खाल्ला. पुढची गंमत तर मुलांना फळ्यावर समजावताना माझाही गोंधळ व्हायचा. कातडीवरून निघालेली वाफ कोरड्या सुती धाग्यात शिरते, तेव्हा ती उष्णता सोडते. म्हणजे अंगावरून उचललेलं ओझं वाफेनं उंबऱ्यातच खाली ठेवलं. साधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून खेळाडूंची जर्सी पॉलिएस्टरची असते. ती घाम साठवत नाही, पसरवते आणि पटकन वाळते.

मग पोराला पॉलिएस्टर घालायचं? नाही. तुळशीबागेत मिळणारे चकचकीत फ्रॉक आणि शेरवान्या हे काही खेळाडूंचं जाळीदार कापड नव्हे. त्यांची वीण घट्ट, आत अस्तर, वारा शिरायला जागाच नाही. धागा कोणता यापेक्षा कापड किती पातळ, वीण किती विरळ आणि कपडा किती ढगळ हे बघावं.

घरी करून बघा. मी गॅलरीत मलमलचा तुकडा, जुना पंचा आणि तो होजिअरीचा टीशर्ट असे तिन्ही भिजवून, पिळून दोरीवर घातले. चहा उकळून गाळेपर्यंत मलमल खडखडीत. पंचा थोडा दमट. टीशर्टाची शिवण जेवणं झाली तरी ओलीच होती. नातवाच्या पाठीवर तो दिवसभर असाच होता. आमच्या आयांनी जुन्या मऊ धोतराची झबली शिवली त्यामागे काही अप्रकट उष्मा नव्हता, जुनं वाया घालवायचं नाही एवढंच होतं. पण झबलं जमलं होतं. पातळ, बाह्या मोकळ्या, पाठीला नुसती बंदाची गाठ.

ढगळपणाचं महत्त्व ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात १९८० साली आलेल्या एका शोधनिबंधात फार छान दिसतं. वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब, काळे झगे का घालतात, हा प्रश्न होता. काळं कापड ऊन जास्त शोषतं, हे खरंच. पण झगा इतका सैल की ती जादा उष्णता आतल्या खेळत्या हवेबरोबर निघून जाते, कातडीपर्यंत पोचतच नाही. काळा झगा घाला की पांढरा, अंगाला मिळणारी उष्णता सारखीच. तेव्हा रंगावरून सुनेशी वाद घालू नका, एक माप मोठं घ्या.

पुणेकरांना एक देणगी फुकट मिळाली आहे, कोरडी हवा. सिमला ऑफिसच्या वेधशाळेत साध्या तापमापकाशेजारी ओलं फडकं गुंडाळलेला दुसरा असतो, तो बाष्पीभवनानं किती खाली उतरता येईल ते सांगतो. हवा ३९ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर तो २२ च्या आसपास थांबतो. मुंबईत ३३ अंश आणि ६५ टक्के असताना साडेसत्तावीस. कुंभारवाड्यातून आणलेला माठ इथे पाणी गार करतो आणि तिकडे रुसतो, तो यामुळेच. पण त्याच माठाला बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा बरं. डायपर म्हणजे ती पिशवी. दुपारच्या झोपेत तरी सुती लंगोट किंवा नुसती चड्डी चालते का, ते ताईंना विचारा. चादर धुवायची तयारी हवी.

जाता जाता खिशातल्या कांद्याबद्दल. ऊन लागू नये म्हणून पोराच्या खिशात कांदा ठेवणारे शिकलेले लोक मी पाहिले आहेत. कांदा पोहे करायला ठेवा. आणि ‘बांबूचं नैसर्गिक गार कापड’ म्हणून दुप्पट दाम मोजणाऱ्यांनो, बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा काढलेला धागा म्हणजे व्हिस्कोस. कापड वाईट नाही, जाहिरात वाईट आहे. घामोळ्यावर पावडरही थापू नका. घामाच्या नळीचं तोंड बुजल्यामुळेच घामोळं येतं, आणि पावडरचा धुरळा मुलाच्या श्वासात जातो तो वेगळाच.

आता नातवाच्या पिशवीत तीन मलमलची झबली असतात, बनियन बंद. ताईंना एकच सांगितलंय: हातपाय चाचपू नका, मानेमागे हात घाला. तिथे ओलं लागलं की झबलं बदला, पाणी पाजा. अंग तापलेलं, मूल मलूल आणि बराच वेळ शू नाही, असं झालं तर कपड्यांचा विचार सोडून डॉक्टरांकडे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र हे गणित फिरतं. ढग येतात, पारा उतरतो, आपण सुटलो म्हणतो, आणि नेमकं तेव्हाच घामोळं फुलतं. हवाच ओली, मलमल तरी वाळणार कुठे? त्या आठवड्यात झबलंसुद्धा काढून, चड्डीवर, पंख्याखाली.