‘वेलकम टू द जंगल’ आणि ‘द नेक्स्ट लेव्हल’: ब्रेव्हस्टोनच्या देहात नक्की कोण?

जुमांजी या व्हिडिओ गेममध्ये ओढली गेलेली माणसे खेळातल्या पात्रांच्या देहांत वावरतात, अशी कल्पना असलेल्या २०१७ सालच्या ‘वेलकम टू द जंगल’ आणि २०१९ सालच्या ‘द नेक्स्ट लेव्हल’ या चित्रपटांची गल्लत इतकी सर्रास होते की ती दुरुस्त करण्याच्या भानगडीत आता कोणी पडत नाही. खेळातला ब्रेव्हस्टोन म्हणजे स्पेन्सर, माउस म्हणजे फ्रिज, प्राध्यापक ओबेरॉन म्हणजे बेथनी, हे समीकरण आधीच्या चित्रपटावरून पाठ झालेले असते आणि ते नंतरच्या चित्रपटाला जसेच्या तसे लावले जाते. मग ‘या वेळी रॉक (म्हणजे ब्रेव्हस्टोन साकारणारा ड्वेन जॉन्सन) असा म्हाताऱ्यासारखा का वागतो?’ अशी तक्रार होते, माउस साकारणारा केव्हिन हार्ट संथ बोलतो म्हणून त्याला कंटाळवाणे ठरवले जाते आणि ‘कथा तीच, फक्त जंगलाच्या जागी वाळवंट’ असा निकाल देऊन विषय संपवला जातो. हा निकाल ‘द नेक्स्ट लेव्हल’वर सरळसरळ अन्याय करणारा आहे. कोणत्या देहात कोण वावरत आहे, एवढे एक सूत्र हातातून सुटले की त्या चित्रपटातले निम्म्याहून अधिक विनोद आणि जवळजवळ सगळी करुणा वाया जाते.

‘वेलकम टू द जंगल’ बहुतेकांनी पाहिलेला आहे, म्हणून त्याची उजळणी थोडक्यात करतो. शिक्षा म्हणून शाळेत थांबवलेल्या चार मुलांना तळघरात एक जुना व्हिडिओ गेम सापडतो, ती खेळाडू निवडतात आणि खेळाच्या आत ओढली जातात. घाबरट स्पेन्सर डॉ. स्मोल्डर ब्रेव्हस्टोन होतो, धिप्पाड फ्रिज बुटका माउस फिनबार होतो, सतत फोनमध्ये डोके घातलेली बेथनी प्रौढ, स्थूल प्राध्यापक शेली ओबेरॉन होते आणि बुजरी मार्था रूबी राउंडहाउस होते. प्रत्येकाला तीन जीव मिळतात आणि रत्न जागच्या जागी बसवल्याशिवाय सुटका नसते. यातली एकच गोष्ट पुढच्या विवेचनासाठी पक्की लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे इथे निवड मुलांनी स्वतः केलेली आहे. पडद्यावरच्या यादीत पाच खेळाडू असतात. त्यांतला एक काही केल्या निवडता येत नाही, कारण १९९६ साली खेळात अडकलेला अ‍ॅलेक्स त्या जागी आधीच बसलेला असतो. उरलेल्या चारांतून मुले आपापल्या समजुतीप्रमाणे नावे उचलतात. शेली हे नाव बाईचे असणार असे बेथनी गृहीत धरते आणि फसते, पण ते फसणेही तिच्या निवडीतून आलेले असते.

दोन चित्रपटांतले वरवरचे फरक दोन वाक्यांत सांगून होतात. आधीच्या चित्रपटात खलनायक व्हॅन पेल्ट आणि रत्न जॅग्वारच्या डोळ्याचे, तर नंतरच्या चित्रपटात खलनायक युर्गेन आणि रत्न ससाण्याचे. गेंड्यांचा कळप २०१७ सालचा, तर शहामृगांचा पाठलाग आणि झुलत्या पुलांवरची मँड्रिल माकडे २०१९ सालची. दोन्हींचे दिग्दर्शन जेक कॅस्डन यांचे आहे. एवढ्यावरच दोन चित्रपटांची तुलना संपवणारे लेख मला वाचवत नाहीत, कारण त्यांत मुद्द्याला हातच घातलेला नसतो.

मुद्दा असा आहे. ‘वेलकम टू द जंगल’च्या शेवटी मुलांनी तो खेळ फोडून टाकलेला असतो. स्पेन्सरने त्याचे तुकडे जपून ठेवून ते पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला आहे, आणि असा अर्धवट दुरुस्त झालेला खेळ आता कोणाला निवडूच देत नाही. तो ज्याला पाहिजे त्याला आत ओढतो आणि पाहिजे त्या देहात टाकतो. नाताळच्या सुटीत घरी आलेला स्पेन्सर खचलेला आहे, मार्थापासून दुरावलेला आहे आणि ब्रेव्हस्टोनच्या देहात असताना मिळालेला आत्मविश्वास त्याला परत हवा आहे. तेवढ्यासाठीच तो एकटा खेळात परततो. त्याला शोधायला मित्र मागोमाग जातात, तेव्हा वरच्या मजल्यावर असलेले त्याचे आजोबा एडी आणि आजोबांचा जुना भागीदार मिलो हेही नकळत आत खेचले जातात, बेथनी मात्र बाहेरच राहते. ब्रेव्हस्टोनचा देह कोणाला मिळतो? एडीला. माउस फिनबारच्या देहात मिलो जातो, फ्रिज ओबेरॉन होतो, आणि रूबीच्या देहात तेवढी मार्था पूर्वीसारखीच राहते. ज्या देहाच्या ओढीने स्पेन्सर हा सगळा जीवघेणा उद्योग करतो, तो देह त्याच्या आजोबांच्या वाट्याला जातो आणि स्पेन्सर स्वतः मिंग फ्लीटफूट नावाच्या नव्या, चोरीत तरबेज अशा देहात अडकतो. ती भूमिका ऑक्वाफिना हिने केली आहे. हे एवढे ध्यानात आले नाही, तर स्पेन्सर बराच वेळ चित्रपटातून गायब झाल्यासारखा वाटतो आणि मिंग म्हणजे उगाच भरती केलेली एक नवी बाई ठरते.

आपल्याकडे परकायाप्रवेशाची कल्पना नवी नाही. आदि शंकराचार्यांनी मृत अमरु राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका अनेकांनी लहानपणीच ऐकलेली असते, आणि त्या कथेत राजाचे बोलणे-चालणे एकाएकी का बदलले, याचा उलगडा श्रोत्याला करून द्यावा लागत नाही. तीच दृष्टी इथे ठेवली की सगळे सरळ होते. पडद्यावर ड्वेन जॉन्सन दिसत असला तरी जे पात्र पाहायचे आहे ते डॅनी डिव्हिटोने साकारलेले एडी आजोबा आहे: कमरेच्या शस्त्रक्रियेतून उठलेले, किरकिरे, ऐकायला कमी येणारे आणि ‘म्हातारे होण्यात काही अर्थ नाही’ असे मानणारे. त्यांना अचानक न दुखणारे सांधे आणि डोंगराएवढे खांदे मिळतात. जॉन्सनने डिव्हिटोची खरखरीत आवाजातली, तक्रारीच्या सुरातली बोलण्याची ढब उचलली आहे. हात-पाय विनासायास हलतात हे कळल्यावर त्याच्या चेहऱ्यावर उमटणारे नवल आधीच्या चित्रपटातल्या स्पेन्सरच्या नवलाहून फार वेगळे आहे. स्पेन्सरला कधीच नसलेले काही मिळाले होते. एडीला एकेकाळी असलेले आणि हातून गेलेले परत मिळते.

केव्हिन हार्टचे काम तर याहून बारीक आहे, आणि त्याला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही. हार्ट हा भराभर, चढ्या आवाजात बोलणारा विनोदी नट. इथे त्याच्या देहात डॅनी ग्लोव्हरने साकारलेला मिलो आहे, जो कोणतीही गोष्ट सांगताना आधी घसा साफ करणार, मग प्रस्तावना करणार आणि मुद्द्यावर सगळ्यांत शेवटी येणार. माउस फिनबार हा प्राणिशास्त्रज्ञ असल्यामुळे समोरच्या प्राण्याविषयी इशारा देणे हे त्याचेच काम असते. वाळवंटात शहामृगाविषयी सांगताना मिलो इतक्या निवांतपणे माहिती देतो की संकट अंगावर येऊन ठेपते तरी त्याचे वाक्य पुरे होत नाही. आधीच्या चित्रपटातला माउस भीतीने आणि चिडचिडीने विनोद करीत होता, इथला माउस स्वतःच्या स्वभावामुळे सगळ्यांना संकटात घालतो. ‘हार्ट या वेळी थकलेला वाटतो’ असे लिहिणाऱ्याने तो प्रसंग पुन्हा, हे लक्षात ठेवून पाहावा.

इथपर्यंत समजले तरी आणखी एक गाठ उरते, आणि लक्ष देणारे प्रेक्षकही बहुधा तिथेच अडखळतात. खेळातल्या एका विशिष्ट चमकणाऱ्या पाण्यामुळे खेळाडूंच्या देहांची अदलाबदल होते. या पाण्यामुळे मधल्या काळात मार्था ओबेरॉनच्या देहात आणि फ्रिज रूबीच्या देहात जातो, आणि पुढे त्याच पाण्याने स्पेन्सर ब्रेव्हस्टोनमध्ये, फ्रिज माउसमध्ये आणि बेथनी ओबेरॉनमध्ये, म्हणजे आपापल्या जुन्या देहांत परततात. बेथनी तोपर्यंत कुठे असते? मागे राहिलेली बेथनी अ‍ॅलेक्सची मदत घेऊन उशिरा खेळात येते. अ‍ॅलेक्सला त्याचा पूर्वीचाच वैमानिकाचा देह मिळतो आणि बेथनी चक्क सायक्लोन नावाचा घोडा होते. शेवटच्या अदलाबदलीत एडी मिंगच्या देहात जातो आणि मिलो घोड्याच्या. म्हणजे ओबेरॉन साकारणारा जॅक ब्लॅक या एकाच चित्रपटात आधी फ्रिज, मग मार्था आणि अखेरीस बेथनी अशा तीन व्यक्ती एका देहातून उभ्या करतो. ऑक्वाफिना आधी नातू होते आणि मग त्याचा आजोबा. ‘जॅक ब्लॅकने पुन्हा तेच केले’ हे विधान मी अनेकदा वाचले आहे आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. २०१७ साली त्याने एकच मुलगी साकारली होती, आणि ती उत्तम साकारली होती. २०१९ साली त्याच्यावर त्याच्या तिप्पट भार आहे.

ही अदलाबदल म्हणजे निव्वळ गोंधळ वाढवण्याची युक्ती आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. एडी आणि मिलो यांनी वर्षानुवर्षे मिळून एक रेस्टॉरंट चालवले होते, ते विकले गेल्यावरून त्यांच्यात अबोला आला आणि मिलो आता फार दिवसांचा सोबती नाही. हे तो एडीला सांगतो ते खेळाच्या आत, दुसऱ्याच्या तोंडाने. शेवटी घरी परतण्याची वेळ येते तेव्हा मिलो घोड्याच्या देहातच मागे राहायचे ठरवतो, कारण बाहेर त्याच्यासाठी आजारपणाखेरीज काही उरलेले नाही आणि इथे त्या घोड्याच्या देहाला पंख आहेत. आधीच्या चित्रपटात देह बदलणे हे वयात येणाऱ्या मुलांना स्वतःची ओळख पटण्याचे निमित्त होते. इथे तोच खेळ दोन वृद्धांच्या समेटासाठी आणि निरोपासाठी वापरला आहे. रचना, लय आणि साहस यांच्या बाबतीत ‘वेलकम टू द जंगल’ अधिक बांधीव आहे, हे मला मान्य आहे. तरीही दोहोंतला एक पुन्हा पाहायचा झाला तर मी ‘द नेक्स्ट लेव्हल’ निवडीन, तो या निरोपासाठी.

‘दुसरा भाग’ या शब्दाविषयीही थोडे सांगणे भाग आहे, कारण तो शब्द कोणी कोणत्याही चित्रपटाला लावतो. रॉबिन विल्यम्स यांचा मूळ ‘जुमांजी’ १९९५ सालचा. त्यात पट आणि सोंगट्यांचा खेळ आहे, जंगल खेळातून बाहेर येऊन गावात धुमाकूळ घालते आणि कोणीही दुसऱ्याच्या देहात जात नाही. आत अडकलेला अ‍ॅलन पॅरिश २६ वर्षांनी बाहेर येतो तो स्वतःच्याच, वाढलेल्या देहात. २०१७ सालचा चित्रपट त्याची नवी आवृत्ती नसून पुढची कथा आहे: अ‍ॅलेक्स ज्या घरात आसरा घेतो ते अ‍ॅलनने बांधलेले असते आणि त्यावर अ‍ॅलनचे नाव कोरलेले असते. २०१९ सालच्या चित्रपटात तर १९९५ सालच्या मुलांची आत्या नोरा हीच पुन्हा दिसते, त्याच अभिनेत्रीच्या, म्हणजे बीबी न्यूवर्थ यांच्या रूपात, आणि एडी-मिलोचे जुने रेस्टॉरंट आता तिच्या मालकीचे आहे. म्हणून क्रमाने मोजायचे तर ‘द नेक्स्ट लेव्हल’ तिसरा ठरतो. ज्याला मोजण्यात रस नाही त्याने निदान चित्रपटाचे नाव घ्यावे. ‘जुमांजीचा दुसरा भाग’ या शब्दांनी कोणालाच काही कळत नाही.

गल्लतीचे आणखी एक कारण आवाजात आहे. हे चित्रपट आपल्याकडे पुष्कळांनी हिंदीत डब केलेले पाहिले आहेत, तेही टीव्हीवर, मधूनच, जाहिरातींच्या अधूनमधून. ‘वेलकम टू द जंगल’ असा पाहिला तरी फारसे बिघडत नाही, कारण तिथे कोण कोणात आहे ते एकदा ठरले की शेवटपर्यंत टिकते आणि विनोद हावभावांतूनही पोचतो. ‘द नेक्स्ट लेव्हल’चे तसे नाही. त्यात जॉन्सन डिव्हिटोसारखा बोलतो आणि हार्ट ग्लोव्हरसारखा, आणि ही नक्कल कळायला आधी खुद्द डिव्हिटो आणि ग्लोव्हर यांचे मूळ आवाज कानावर पडलेले असावे लागतात. त्यासाठीच सुरुवातीच्या घरातल्या प्रसंगांना, विशेषतः एडी आणि मिलो यांच्या न्याहारीच्या टेबलावरच्या कुरबुरीला एवढा वेळ दिला आहे. हा भाग ‘खेळ कधी सुरू होणार’ म्हणून पुढे ढकलणाऱ्याने पुढच्या दीड तासाची किल्लीच फेकून दिली, असे समजावे. चित्रपट पहिल्या मिनिटापासून, मूळ इंग्रजी आवाजात आणि उपशीर्षके लावून पाहावा. आणि अदलाबदलीच्या प्रत्येक प्रसंगानंतर, गरज वाटल्यास चित्रपट क्षणभर थांबवून, कोण कोणत्या देहात गेले ते मनाशी पक्के करूनच पुढे जावे.