खांदा दुखतोय, पण हात नेमका कुठे अडतो?

ऊसतोड करणारा गडी, पहाटे म्हशीची धार काढणारी बाई, शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग उचलणारा कामगार, गंगावेस तालमीतला मल्ल. कोल्हापुरात या सगळ्यांची भिस्त खांद्यावर, आणि तक्रारही एकच: ‘खांदा दुखतोय.’ मग बाम, मालिश, शेवटी एक्स-रे. त्यात बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, कारण दुखणं हाडाचं नसतंच. ते कंडरांचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचं असतं, नाहीतर सांध्यावरच्या आवरणाचं.

खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते, म्हणून तर हात चहूबाजूंनी फिरतो. दंडाच्या हाडाचा गोळा या खोबणीत धरून ठेवायचं काम मुख्यतः चार छोट्या स्नायूंवर आणि त्यांच्या कंडरांवर पडतं. यांनाच डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात.

खांद्याची सगळ्यात मोलाची तपासणी माझ्या मते बिनखर्चाची आहे. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या. मग तेच दुसऱ्याला हलक्या हाताने करू द्या. दुसऱ्याने नेला तरी हात मध्येच अडत असेल, तर सांधा आखडलाय, म्हणजे बहुधा फ्रोझन शोल्डर. उतारवयात सांधा झिजूनही असं होतं, पण ती झीज एक्स-रेत दिसते. दुसऱ्याने उचलला की हात सहज वर जातो आणि स्वतः उचलताना मात्र कळ येते किंवा जोर लागत नाही, तर संशय कंडरांवर.

फ्रोझन शोल्डर साधारण चाळिशी ते साठीत गाठतो, बायकांना जास्त. वेणी घालायला हात मागे जात नाही, त्या कुशीवर झोप लागत नाही. मधुमेह्यांना हा त्रास इतरांपेक्षा कितीतरी अधिक होतो. म्हणून खांदा विनाकारण आखडला, तर आधी रक्तातली साखर तपासावी, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे कित्येकांना मधुमेह आहे हेच ठाऊक नसतं. आधी काही महिने ठणका, मग ताठरपणा, मग हळूहळू सुटका, असा एक ते तीन वर्षांचा हा प्रवास. काहींचा हात शेवटी थोडा आखडलेलाच राहतो. ठणक्याच्या दिवसांत सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन चांगला आराम देतं. मधुमेह्यांची साखर मात्र त्यानंतर काही दिवस चढते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. या काळात कुणाकडून हात जोराने ओढून घेऊ नये आणि गळ्यात बांधूनही ठेवू नये. पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि हळू झुलवायचा, एवढं पुरे. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया, या तिन्हींत कुठलाच उपाय वर्षभरानंतर ठळकपणे सरस ठरला नाही.

कंडरांच्या दुखण्यात एमआरआयचा रिपोर्ट वाचून लोक फार घाबरतात. साठीपुढच्या अनेकांच्या कंडरा काहीही न दुखता फाटलेल्या असतात, तेव्हा ‘टेअर’ हा शब्द दिसला म्हणून लगेच ऑपरेशन लागतं असं नाही. निदान तीन महिने नेटाने व्यायाम केल्यावर पुष्कळ खांदे कामाला लागतात. पण पडल्यावर अचानक हात वर जाईनासा झाला, तर वाट बघू नये. फाटलेली कंडरा मागे ओढली जाते, स्नायूत चरबी भरते आणि मग ती शिवणं अवघड होतं.

कुस्तीत खांदा निखळतो तो बहुतेक वेळा पुढे. तो मैदानातच खेचून बसवण्यात नस दुखावण्याचा, हाड मोडण्याचा धोका असतो. एक्स-रे काढून दवाखान्यातच बसवावा. विशीच्या आतल्या पोरांचा पुन्हा पुन्हा निखळतो, कारण खोबणीची कड फाटलेली असते. ती दुर्बिणीतून शिवता येते.

कधी कधी खांद्यात काहीच बिघडलेलं नसतं. मानेची नस दबली की कळ खांद्यावरून हातात उतरते, मुंग्या येतात. डाव्या खांद्यासोबत छाती भरून आली, दरदरून घाम फुटला, तर तडक इस्पितळ गाठावं. आणि तेलकट जेवणानंतर उजव्या फऱ्यापाशी कळ येत असेल, तर पित्ताशयात खडे असू शकतात. तिथे मालिश नव्हे, पोटाची सोनोग्राफी लागते.